बार्बरा स्टॅनविकची कारकीर्द कशी पाहावी

एखाद्या अभिनेत्रीचे चार गाजलेले चित्रपट पाहणे आणि तिची कारकीर्द पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दोन रविवार पुरतात. दुसरीसाठी थोडी आखणी लागते, एक वही लागते आणि अधूनमधून सुमार चित्रपट शेवटपर्यंत पाहण्याची तयारीही ठेवावी लागते. बार्बरा स्टॅनविक या अमेरिकी अभिनेत्रीच्या बाबतीत ही आखणी विशेष गरजेची आहे, कारण १९२७ सालच्या एका मूकपटातील नर्तकीच्या किरकोळ भूमिकेपासून १९८६ पर्यंतच्या दूरचित्रवाणी मालिकेपर्यंत तिचे काम पसरलेले आहे, त्यात ऐंशीहून अधिक चित्रपट आहेत, आणि तरीही केवळ ‘डबल इंडेम्निटी’ पाहून तिच्याविषयी कायमचे मत बनवून टाकणारे प्रेक्षक पुष्कळ भेटतात. पुढे दिलेली पद्धत आठवड्याला एक किंवा दोन चित्रपट या गतीने साधारण तीन महिन्यांत पुरी होते.

पहिली सूचना अशी की सुरुवात कालक्रमाने करू नये. मी ती चूक केली होती. १९२९ चा ‘द लॉक्ड डोअर’ हा तिचा पहिला बोलपट. ध्वनिमुद्रणाचे तंत्र तेव्हा इतके नवे होते की मायक्रोफोन जिथे लपवला असेल त्याच्या आसपासच नटांना घुटमळावे लागे. असा चित्रपट आरंभीच पाहिला तर त्यातले अवघडलेपण काळाचे किती आणि नटीचे किती हे कळत नाही, आणि उत्साह मावळतो. माझा दुसऱ्याच चित्रपटाला मावळला होता.

त्याऐवजी १९४१ हे साल घ्यावे. त्या एका वर्षात तिचे चार चित्रपट पडद्यावर आले: ‘द लेडी ईव्ह’, ‘मीट जॉन डो’, ‘यू बिलाँग टू मी’ आणि ‘बॉल ऑफ फायर’. यांतला तिसरा राहिला तरी चालेल. उरलेले तीन याच क्रमाने, शक्यतो एकाच आठवड्यात पाहावेत. ‘मीट जॉन डो’बाबत एक व्यावहारिक काळजी घ्यावी: त्याचा स्वामित्वहक्क अमेरिकेत वेळेवर नूतनीकरण न झाल्यामुळे संपला, त्यामुळे कोणीही काढलेल्या पुसट, आवाज घरघरणाऱ्या प्रती सर्वत्र फुकट मिळतात. पहिलीच सापडलेली प्रत लावून बसू नये. दोन-तीन प्रतींची पहिली पाच मिनिटे ताडून पाहावीत. ‘बॉल ऑफ फायर’ इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावा. ज्ञानकोश लिहिणारे आठ प्राध्यापक आणि त्यांच्या घरात लपायला आलेली नाइटक्लबची गायिका अशी ही कथा आहे. त्यातला नायक बोलीभाषेवरचा लेख लिहीत असल्यामुळे सगळा विनोदच त्या काळच्या रस्त्यावरच्या शब्दांवर उभा आहे, आणि स्टॅनविक ते शब्द फुटाणे फोडल्यासारखे फेकत जाते. उपशीर्षके नसतील तर आपल्यासारख्याच्या हाती निम्माच विनोद लागतो.

‘द लेडी ईव्ह’ मात्र दोनदा पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना तीन जागी थांबावे. ती यात जहाजावर पत्त्यांत लोकांना लुबाडणारी जीन आहे, आणि हेन्री फोंडा हा मद्य बनवणाऱ्या कारखानदाराचा, सापांच्या नादी लागलेला भोळा मुलगा आहे. पहिली जागा भोजनगृहातली: जीन हातातल्या छोट्या आरशात मागच्या टेबलांकडे पाहत, त्या मुलाचे लक्ष वेधू पाहणाऱ्या एकेका तरुणीवर शेरे मारत जाते. आपल्याला दिसतो आरसा, ऐकू येतो तिचा आवाज, आणि पाहता पाहता तीच त्या प्रसंगाची दिग्दर्शिका होऊन बसते. दुसरी जागा तिच्या खोलीतली: ती आरामखुर्चीवर रेललेली, तो खाली बसलेला, तिचा हात त्याच्या केसांत, आणि कॅमेरा काही मिनिटे न तोडता दोघांच्या चेहऱ्यांवर खिळलेला. बोलत ती असते. पण फोंडाचे ऐकताना तिच्या डोळ्यांत काय होते ते इथे पाहावे. हिशेब करणारी बाई स्वतःच्या हिशेबात कुठे चुकू लागते तो क्षण शब्दांत नाही. तिसरी जागा उत्तरार्धात, जिथे ती इंग्लंडची खानदानी लेडी ईव्ह म्हणून त्याच्या घरी येते आणि वेषांतर म्हणून जवळजवळ काहीच करत नाही. उच्चार बदलतात, वेषभूषाकार ईडिथ हेडने आखलेले झगे बदलतात, चेहरा तोच. आणि तो इतका तोच आहे म्हणूनच ही वेगळी बाई असली पाहिजे, असा निष्कर्ष तो विद्वान काढतो.

एवढे झाल्यावर वही उघडावी. चित्रपटाचे तारांकन करण्याचा मोह टाळून प्रत्येक चित्रपटासमोर पाच गोष्टी लिहाव्यात: साल, निर्मिती करणारी कंपनी, दिग्दर्शक, त्यातल्या बाईचा पोटापाण्याचा धंदा, आणि तिला जे हवे आहे ते मिळवण्यासाठी ती काय मोजते. चौथा रकाना पहिल्यांदा उगाच वाटेल. पण दहा-बारा नोंदी होईपर्यंत तोच सर्वांत भरगच्च दिसू लागतो. ‘नाइट नर्स’मध्ये परिचारिका, ‘द मिरॅकल वुमन’मध्ये चमत्कारांचा बाजार मांडणारी धर्मोपदेशिका, ‘फॉरबिडन’मध्ये ग्रंथपाल, ‘ॲनी ओकली’मध्ये नेमबाज, ‘मीट जॉन डो’मध्ये नोकरीवरून काढल्यावर एक खोटे पत्र छापणारी वार्ताहर, ‘ख्रिसमस इन कनेटिकट’मध्ये स्वतःला अंडे उकडता येत नसताना मासिकात पाककृतींचे सदर चालवणारी लेखिका. त्या काळच्या पडद्यावर प्रेमात पडणे हाच ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता अशा नायिकांची रांग होती. स्टॅनविकच्या बायका आधी कामाला जातात आणि मग प्रेमात पडतात, आणि प्रेमात पडल्यावरही हिशेब पुरता सोडत नाहीत. तिची कारकीर्द मी याच धाग्याने वाचतो.

दुसरा रकाना, म्हणजे कंपनीचा, हा धागा पडद्याबाहेर नेतो. वर सांगितलेले १९४१ चे चार चित्रपट तपासावेत. पहिला पॅरामाउंटचा, दुसरा दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या स्वतंत्र निर्मितीचा व वॉर्नर ब्रदर्सने वितरित केलेला, तिसरा कोलंबियाचा आणि चौथा निर्माता सॅम्युएल गोल्डविनने काढून आरकेओ कंपनीमार्फत दाखवलेला. एका वर्षात चार चित्रपट आणि चार दारे. हॉलीवूडच्या त्या काळात ही नेहमीची गोष्ट नव्हती. बहुतेक नट-नट्या एकाच कंपनीशी दीर्घ मुदतीच्या कराराने बांधलेल्या असत, भूमिका कंपनी ठरवी, आणि नकार दिला तर पगार थांबे. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. प्रभात कंपनी नटांना मासिक पगारावर बांधून ठेवत असे, आणि शांता आपटे यांनी १९३९ साली पुण्यात तिच्या दाराशी केलेले उपोषण कराराच्याच वादातून झाले होते. स्टॅनविकने १९३० च्या दशकाच्या आरंभापासूनच कोलंबिया आणि वॉर्नर या दोघांकडे आळीपाळीने काम करण्याची मुभा राखली आणि पुढे ती बहुतांशी मोकळीच राहिली. याची किंमतही तिने मोजली: मोठी कंपनी आपल्या बांधलेल्या तारकेसाठी जशी प्रसिद्धीची यंत्रणा राबवी, तशी तिच्यामागे कोणाची नव्हती.

आता १९४४ च्या ‘डबल इंडेम्निटी’कडे वळायला हरकत नाही. दिग्दर्शक बिली वायल्डरने तिला नवऱ्याचा खून करवणारी फिलिस दिली, तेव्हा अशी निखालस खुनी बाई करावी की नाही याबद्दल ती साशंक होती. वायल्डरने तिला सोनेरी केसांचा टोप घातला आणि घोट्यात साखळी. तो टोप आजही थोडा भडकच दिसतो; चित्रीकरण चालू असताना स्टुडिओच्या एका अधिकाऱ्याला त्यात जॉर्ज वॉशिंग्टन दिसला होता म्हणतात. माझ्या मते तो खोटेपणा कामाचा आहे, कारण ही बाई आपले दुकान कसे मांडायचे ते जाणते आणि पाटी मुद्दाम मोठी लावते. पाहायचा प्रसंग मोटारीतला आहे. मागच्या आसनाआड लपलेला विमा एजंट पुढे बसलेल्या नवऱ्याचा जीव घेतो, आणि तो खून आपल्याला दिसतच नाही. कॅमेरा गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर राहतो, ती रस्त्याकडे पाहत राहते, आणि त्या चेहऱ्यावर समाधानाची एक पुसट रेघ उमटते. हा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा.

यानंतर मागे जावे, १९३० ते १९३३ या काळात. इथे एक तारीख लक्षात ठेवणे आवश्यक आहे. हॉलीवूडने स्वतःसाठी नीतिनियमांची संहिता १९३० मध्येच स्वीकारली होती, पण तिची कडक अंमलबजावणी १९३४ च्या जुलैपासून सुरू झाली. त्या तारखेच्या अलीकडच्या चित्रपटांतली स्टॅनविक आणि पलीकडची स्टॅनविक यांत जो फरक दिसतो तो सगळाच तिच्या वाढत्या वयाचा किंवा अनुभवाचा समजू नये. बराचसा परवानगीचा आहे.

याचे उत्तम उदाहरण १९३३ चा ‘बेबी फेस’. पेन्सिल्व्हेनियातल्या एका गिरणी-गावात बापाच्या चोरट्या दारूच्या अड्ड्यावर वाढलेली लिली न्यूयॉर्कला येते, एका बँकेत शिरते आणि एकेका पुरुषाला वश करत मजल्यामागून मजला वर चढते. कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेक खिडकी सरकत वर जातो आणि तिची बढती आपल्याला कळते. न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉर मंडळाने हा चित्रपट अडवला, मग काटछाट झाली. म्हाताऱ्या चांभाराने तिला दिलेला ‘पुरुषांना वापरून घे’ या आशयाचा सल्ला बदलून त्याच्या तोंडी सदाचाराचे बोल घातले गेले, आणि शेवटी सुधारणेचा एक तुकडा चिकटवला गेला. न कापलेली आवृत्ती २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली. म्हणून प्रत निवडताना लांबी पाहावी: सुमारे ७६ मिनिटांची प्रत मूळ, ७१ च्या आसपासची कापलेली. दोन्ही मिळाल्या तर चांभाराचा प्रसंग लागोपाठ पाहावा. तिची कृष्णवर्णीय सखी चिको, म्हणजे थेरेसा हॅरिस, हिच्याकडेही लक्ष असू द्यावे. लिली सगळ्यांना वापरते, तिला मात्र सोडत नाही, आणि त्या काळच्या चित्रपटात ही गोष्ट विरळा आहे.

याच काळात काप्राबरोबरचे तिचे पहिले चार चित्रपट आहेत. पाचवा म्हणजे ‘मीट जॉन डो’. आरंभाचा ‘लेडीज ऑफ लेझर’ (१९३०) पाहण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असावी. स्टॅनविक आपले सर्वोत्तम पहिल्याच वेळी देऊन टाकते आणि नंतरच्या प्रत्येक आवृत्तीत ते ओसरत जाते, हे काप्राच्या ध्यानात आले. मग तो तिच्याविना इतरांच्या तालमी घेऊ लागला, आणि तिचा प्रसंग एकापेक्षा अधिक कॅमेरे लावून एकदाच पकडू लागला. हे कळले की तिच्या रडण्यातला तो ओबडधोबडपणा, आवाज मधेच चिरकणे, वाक्य गिळले जाणे, या गोष्टी दोष वाटेनाशा होतात.

चरित्र वाचायचे असेल तर ते इथे, मधोमध वाचावे. आधी वाचले तर प्रत्येक भूमिकेत तिचे बालपणच दिसू लागते. ठळक गोष्टी थोडक्यात अशा: १६ जुलै १९०७ रोजी ब्रुकलिनमध्ये जन्म, मूळ नाव रूबी स्टीव्हन्स, चार वर्षांची असताना एका दारुड्याच्या धक्क्याने आई धावत्या ट्राममधून पडून दगावली, वडील पनामा कालव्याच्या कामावर निघून गेले, आणि मुलीचे लहानपण बहिणीच्या व परक्या घरांत गेले. पंधरा-सोळाव्या वर्षी ती झिगफेल्ड या न्यूयॉर्कच्या नाट्यनिर्मात्याच्या नृत्यताफ्यात होती, आणि १९२६ मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘द नूस’ या नाटकाने तिला नाव दिले, अगदी शब्दशः, कारण बार्बरा स्टॅनविक हे नाव तेव्हाच एका जुन्या नाट्यपत्रिकेवरून जुळवले गेले.

‘स्टेला डॅलस’ (१९३७) साठी एक संध्याकाळ वेगळी राखावी आणि त्या दिवशी दुसरे काही पाहू नये. ही भूमिका तिला सहज मिळाली नाही. एवढे नाव झाल्यावरही गोल्डविनसाठी चाचणी द्यावी लागली. स्टेला ही गिरणी कामगाराची भडक कपड्यांची, मोठ्याने हसणारी मुलगी वरच्या वर्गात लग्न करते, आणि पुढे आपल्या मुलीला चांगले घर मिळावे म्हणून स्वतःच तिच्यापासून दूर होते. गोष्ट अश्रूंसाठीच रचलेली आहे हे मान्य करून पाहावे. आगगाडीतला शयनकक्षाचा प्रसंग मला शेवटापेक्षाही मोठा वाटतो: खालच्या-वरच्या बिछान्यांवर आई आणि मुलगी झोपलेल्या, बाहेर मुलीच्या मैत्रिणी आईची टिंगल करतात, दोघींनाही ते ऐकू जाते, आणि आईने ऐकले नसावे अशा आशेने मुलगी खाली येऊन तिच्या कुशीत शिरते, तर आई झोपेचे सोंग घेते. स्टॅनविकला इथे डोळे मिटून अभिनय करायचा आहे. शेवटी पावसात, कुंपणाबाहेर उभी राहून ती खिडकीतून मुलीचे लग्न पाहते, पोलीस तिला हटकतो, आणि दातांत रुमाल धरून ती चालू लागते. त्या चालण्यात पराभव नाही, ही गोष्ट दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते. शक्य झाल्यास याच कथेचे त्याच वर्षी तिने केलेले लक्स रेडिओ थिएटरचे नभोनाट्यही ऐकावे. चेहरा काढून घेतल्यावर नुसता ब्रुकलिनचा घोगरा आवाज किती भार उचलतो ते समजते.

या चित्रपटासाठी तिला ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले, पुढे ‘बॉल ऑफ फायर’, ‘डबल इंडेम्निटी’ आणि ‘सॉरी, राँग नंबर’ (१९४८) यांसाठी, आणि चारही वेळा पुरस्कार दुसऱ्या कोणाला गेला. पुरस्कारांची यादी हाती घेऊन चित्रपट निवडणाऱ्याने एवढेच पाहावे की त्या यादीत ‘द लेडी ईव्ह’मधल्या तिच्या कामाचे नाव नाही.

१९५० चे दशक भराभर उरकावे. चाळिशी ओलांडलेल्या नायिकेला भूमिका कमी होत चालल्या होत्या, चित्रपटगृहांचा प्रेक्षक घरातल्या छोट्या पडद्याकडे वळत होता, आणि तिने या काळात हाती येईल ते काम घेतलेले दिसते. फ्रिट्झ लाँगचा ‘क्लॅश बाय नाइट’ (१९५२), डग्लस सर्कचा ‘देअर्स ऑल्वेज टुमॉरो’ (१९५६) आणि सॅम्युएल फुलरचा ‘फॉर्टी गन्स’ (१९५७) हे तीन पुरेत. शेवटच्यात ती चाळीस बंदूकधारी पदरी बाळगणारी जमीनदारीण आहे, आणि रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग तिने वयाच्या पन्नाशीत स्वतः केला.

दूरचित्रवाणीला शेपूट समजून अनेक जण इथेच थांबतात. तसे करू नये; तिचे तिन्ही एमी पुरस्कार इथले आहेत. ‘द बार्बरा स्टॅनविक शो’ (१९६०–६१) एकाच हंगामात बंद झाला, तरी त्यासाठी तिला पहिला मिळाला. ‘द बिग व्हॅली’ (१९६५–६९) चे ११२ भाग आहेत, आणि ते सगळे पाहण्याची गरज नाही. पहिले तीन-चार भाग सलग पाहावेत, कारण दिवंगत नवऱ्याचा अनौरस मुलगा हीथ दारात येतो आणि व्हिक्टोरिया बार्कली, म्हणजे स्टॅनविक, त्याला घरात घेते, ही मालिकेची खरी गाठ तिथे आहे. त्यानंतर ज्या भागाच्या सारांशात व्हिक्टोरियाचे नाव आधी येते तेवढे निवडावेत. घोड्यावरून, पिस्तूल घेऊन फिरणारी आई तेव्हाच्या मालिकांत नवी होती. आठवड्यामागून आठवडा एक भाग उभा करण्याच्या त्या धांदलीत पुनरावृत्तीला फारसा वाव नसतो, आणि पहिल्याच वेळी सर्वस्व देणाऱ्या नटीला ही घाई जाचली नसावी, असे मला वाटते.

शेवटी तीन तुकडे एकत्र पाहावेत. १९३९ च्या ‘गोल्डन बॉय’मध्ये नवख्या विल्यम होल्डनला काढून टाकण्याचे घाटत असताना ती त्याच्या पाठीशी उभी राहिली होती. १९७८ च्या ऑस्कर समारंभात तिच्यासोबत मंचावर आलेल्या होल्डनने ठरलेला मजकूर बाजूला ठेवून याबद्दल तिचे आभार मानले. १९८२ मध्ये तिला मानद ऑस्कर मिळाला तेव्हा होल्डनला जाऊन काही महिनेच झाले होते, आणि तिने त्याची आठवण काढली. हे ध्वनिचित्रफितींचे तुकडे काही मिनिटांचे आहेत, पण चित्रपट आधी पाहिलेला असावा.

मग ‘द थॉर्न बर्ड्स’ (१९८३) च्या लघुमालिकेचा पहिला भाग. ऑस्ट्रेलियातल्या अफाट मेंढीवाड्याची मालकीण मेरी कार्सन तरुण पाद्री राल्फसमोर आपली वासना उघड बोलून दाखवते, या थकलेल्या शरीराच्या आत आपण अजून तरुणच आहोत असे त्याला सांगते. स्टॅनविक तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती, आणि तिसरा एमी याच कामाचा. तो प्रसंग संपल्यावर लगेच ‘बेबी फेस’मधला लिली बँकेत पहिल्यांदा शिरते तो प्रसंग लावावा, समोरच्या पुरुषाचे मोल करणारी ती नजर दोन्हींत एकच आहे. ‘द कोल्बीज’ (१९८५–८६) ही मालिका ती एका हंगामानंतर सोडून निघाली. त्याचे दोन भाग पाहून वहीतली अखेरची ओळ भरता येते.